अकरा खुणा आणि हिरवा लेथ

शिलाई मशीनला तेल घालताना तो वास येतो आणि मी अंधेरीच्या त्या गाळ्यात पोचते.

आप्पा काम करायचे ती गिरणी बंद पडली होती. आप्पा लोखंड कातायचा जुना लेथ घेणार होते आणि आमचं घर त्याच्यावरच चालायचं होतं. मी कॉलेजात होते. मोटर, कामाचा तुकडा पकडणारा चक, गिअरचा आवाज असे अकरा मुद्दे वहीत लिहून नेले होते. मशीनला ताजा हिरवा रंग होता. विकणारे शेठ एकेक दाखवत गेले, मी खुणा करत गेले. अकराही बरोबर.

"घेऊया ना, आप्पा?"

आप्पांनी मशीन बंद करायला लावलं. मग चाक फिरवून हत्यार धरणारा कॅरेज हाताने खालच्या लोखंडी बेडवरून चकपासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. चकजवळ तो अलगद सरकला, टोकाशी मात्र घट्ट अडकला.

"तिकडे कोण काम करतो, काका? सगळं काम चकजवळच होतं," शेठ म्हणाले.

"म्हणूनच चकजवळचा बेड झिजलाय. कॅरेज तिथे हलायला लागला म्हणून तुम्ही कसून घेतलात. आता जिथे झीज नाही तिथे अडकतोय."

शेठ हसले. "गिरणीतले का तुम्ही?"

"होतो."

मशीन न घेताच निघालो, रस्त्यावर येईपर्यंत मी फुगले होते. एवढी चांगली यादी फुकट गेली. आप्पा कठड्यावर बसले आणि रुमालाने मान पुसत राहिले. "वाचलो गं, बाय," एवढंच म्हणाले. कशातून वाचलो, ते मला स्वतःचं घर चालवायला लागल्यावर कळलं.

मग त्यांनी वही मागितली आणि बारावी ओळ स्वतः लिहिली: टोकापर्यंत फिरवून बघणे.