रस्त्याकडची खोली

अक्का गेल्याचा फोन दुपारी आला. मी तिची धाकटी जाऊ. बातमी ऐकली आणि आठवलं ते दुष्काळातलं आमचं घर, जिथून तिला बाहेरच पडता येत नव्हतं...

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याचा गाजावाजा मोठा. पण देवणीजवळच्या आमच्या गावात विहिरी कोरड्या, पाणी टँकरनं यायचं. अक्काचं पहिलंच बाळंतपण. रीतीनं माहेरी जायचं, तर तिथून निरोप आला, "हितं प्यायला पाणी न्हाई, लेकीला तिकडंच ठेवा." सासूबाई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरचं. आमी का करावं?" दोन्ही दारं बंद, आणि मधे ती, घागरी वाहत. आठव्या महिन्यात तिचं तोंड सुजलं. डोकं दुखायला लागलं की चुलीपुढंच भिंतीला टेकून बसायची. "डोळ्यापुढं काजवे चमकतेत गं," म्हणाली. मी सासूबाईंना सांगितलं. "पोटुशीला सूज येतीच," एवढंच उत्तर. थोरले दीर लांब रस्त्याच्या कामावर. त्यांना विचारल्याशिवाय सुनेनं उंबरा कसा ओलांडायचा?

एका सकाळी टँकर रिकामा झाला, तशी अक्का घागर तिथंच ठेवून ड्रायव्हरकडं गेली. "लातूरच्या दवाखान्यात सोडता का?" तो घाबरला. "बाई, गाडी लई आदळती. वाटंत काही झालं तर?"

"हितं राहिले तर होणारच हाय," अक्का म्हणाली.

मीही चढले. मागून सासूबाई ओरडत होत्या, "परत यायचं न्हाई!"

दवाखान्यात पोचताच तिला झटके आले. रक्तदाब फार चढला होता. सूज दिसली तेव्हाच आणायला हवं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्का वाचली. मुलगी झाली होती... रडली नाही. पुन्हा अक्काला मूल झालं नाही. मला त्या घरात परत जावं लागलं. ती गेली नाही.

पुढं ती आणि दीर देवणीत स्टँडजवळ राहिले. घरातली रस्त्याकडची खोली तिनं कधी कुणाला भाड्यानं दिली नाही. दिवस भरत आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायका तिथं येऊन राहायच्या. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचं डोकं दुखलं, की अक्का रिक्षा बोलवायची. कुणाला विचारत बसायची नाही.

माती झाली, माणसं पांगली. मी खोलीला कुलूप लावायला गेले, तर पायरीवर पिशवी घेऊन एक पोटुशी पोर बसलेली.

"अक्का न्हाईत, कळलं मला," ती म्हणाली. "पण घरी जा म्हणू नका."

मी तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं. खळगा तसाच राहिला. कुलूप तिथंच ठेवलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला.