पाण्याच्या दिवशी गैरहजर

"आईचं धुऊन घे आदी. मग पान्याचं बोलू."

अण्णांच्या हातात पोह्यांची बशी होती. बोलताना त्यांनी मान वर केली नाही. मी दारात उभी. अंगावर आशाताईची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत रक्तवाढीच्या गोळ्या. आतल्या खोलीतून वास येत होता. अण्णांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिनं कपडे खराब केले होते. सुनेनं पायानंच बादली माझ्याकडे सरकवली.

"मी त्यासाठी नाही आले, अण्णा."

"मग कशापायी आलीस? आरोग्याचीच ना तू? आन तुमच्या लोकांना सवय असतीय."

तुमच्या लोकांना! त्यांनी माझी जात कधी विचारली नव्हती. त्यांना विचारावी लागत नाही, आडनाव ऐकलं की पुरतं.

मी आशाताई. घरोघर फिरून बाळंतिणी, लसी, ताप-खोकला बघणारी बाई. आमच्या भागातलं हे गाव महापालिकेत आलं आणि अण्णांच्या शेतात इमारती उगवल्या. दारात गाड्या आल्या. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्यांची रांग आली, तिच्यात भाड्यानं आम्ही. कुणी सोलापूरकडून आलेलं, कुणी बीडकडून. माझी खोलीही त्याच रांगेत.

शाळेतून निरोप आला होता, वस्तीतल्या मुली फार गैरहजर राहतात, अशक्त असतील, जरा बघा. मुख्याध्यापक शहरातून यायचे. स्वच्छ, इस्त्रीचं बोलायचे. त्यांनी मुलींना रांगेत उभं केलं आणि मला म्हणाले, "द्या गोळ्या. रक्त वाढलं तर थोडं डोक्यापर्यंतही पोचेल." आणि स्वतःच हसले. पोरी खाली बघत राहिल्या.

रांगेच्या शेवटी नववीतली आरती होती. गोळी तळहातावर घेऊन हळूच म्हणाली, "ताई, गोळी घेते मी. पन उद्या न्हाय येनार. उद्या पानी हाय."

माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच राहिली. आमच्या रांगेला पाणी एक दिवसाआड येतं, तेही शाळा भरल्यावर. कारण आधी अण्णांच्या बंगल्याच्या टाक्या, मग बाग, मग त्यांचं चालू बांधकाम. लाइन महापालिकेची, पण तिचा व्हॉल्व्ह अण्णांच्या फाटकाबाहेर आणि तो फिरवायची लोखंडी चावी अण्णांच्या व्हरांड्यात. आमची वेळ येते तेव्हा घरात मोठं माणूस नसतं. आरतीचा बाप मार्केट यार्डात हमाल, तो पहाटेच जातो. आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. मग हंडे भरायला पोरगीच राहणार. नाहीतर दोन दिवस घर कोरडं.

आजारी कुणीच नव्हतं. पोरी नळापाशी उभ्या होत्या आणि मी त्यांना गोळ्या वाटत होते.

आरतीच्या आईचं तर ठरलंच होतं. शाळेतून अजून एकदा बोलावणं आलं की नाव काढायचं आणि पोरीला सोबत कामाला न्यायचं. म्हणून मी अण्णांकडे गेले होते. व्हॉल्व्ह पहाटे सोडा, आयाबाया घरात असतात तेव्हा. एवढंच मागणं होतं.

मी बादली उचलली.

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "कुठल्या जन्माचं गं हे, बाई. तुला करावं लागतंय." तिच्या घाणीची मला किळस नव्हती. बाळंतिणींचं केलंय, लेकरं धुतलीत, वासाला माझं नाक सरावलंय. किळस आली ती दारातल्या माणसाची. नाकाला रुमाल लावून लांबून सांगत होता, "मागून नीट घे." स्वतःच्या आईबद्दल! आणि न्हाणीघरात नळ धो धो चालू. बादली भरून वाहत होती, कुणाला पडलेली नव्हती. शेवटी मीच बंद केला.

हात धुऊन बाहेर आले. "अण्णा, पाण्याचं?"

"बघू."

पाणी होतं त्याच वेळी येत राहिलं. मग अण्णांचे फोन यायला लागले. "ये." मी गेले. परत "ये." परत गेले. दर वेळी "बघू". त्या शब्दाची मला अजून ओकारी येते.

एकदा लसीकरणात अडकले, फोन आला तरी जाता आलं नाही. दुपारी गेले तर म्हातारीच्या खोलीत आरती. शाळेचा गणवेश, ओढणी कमरेला खोचलेली, हातात तीच बादली.

"तुमी आला न्हाय ताई," ती म्हणाली. "अन्ना म्हनले, तू कर. तुमचं पानी पयलं सोडतो."

व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. "शिकव तिला जरा. शाळेत जाऊन तरी काय दिवे लावनार हाय?"

मी वाकले होते, म्हणून त्यानं पोरीला वाकवलं होतं.

आरतीच्या हातातली बादली घेतली. म्हातारीचं पांघरूण सारखं केलं. "आजी, तुमचा मुलगा येतोय," म्हणाले. बाहेर जाऊन बादली अण्णांच्या पायाशी ठेवली.

"आई तुमची आहे. तुम्ही धुवा."

"डोकं फिरलंय का? ऱ्हातीस ती खोली कुनाची हाय?"

"खोली तुमची. पाणी तुमचं नाही. ते खडकवासला धरणाचं आहे."

कोपऱ्यात चावी उभी होती. उचलली. चांगलीच जड होती. एका हातात चावी, दुसऱ्यात आरतीचा हात, अशी फाटकाबाहेर पडले. मागून शिव्या येत होत्या. आरतीला त्या ऐकू येत होत्या याचंच वाईट वाटलं.

संध्याकाळी निरोप आला, चावी आणून दे नाहीतर खोली रिकामी कर. मुख्याध्यापकांच्याही कानावर गेलं. म्हणाले, "अहो, आपल्याला गोळ्या वाटायला सांगितल्या होत्या." सांगितल्या होत्या खऱ्या. त्या मी आता त्यांच्याच टेबलावर ठेवून आले आहे.

चावी माझ्या दारामागं आहे. उद्या पाण्याचा दिवस. पहाटे व्हॉल्व्ह मी उघडणार. रांगेतल्या बायकांना सांगून झालंय, हंडे घेऊन उभ्या राहतील. आरती दप्तर घेऊन शाळेत जाईल.

आजवर तुला अहो-जाहो केलं, अण्णा. आता नाही. मला खोलीतून काढायचं तर काढ, चावी घेऊनच बाहेर पडेन. आणि आत तुझी आई हाका मारतेय. आमच्यातलं कुणी येणार नाही. रुमाल ठेव बाजूला. बादली उचल.