चाळीस मोजेपर्यंत

माझ्या बाबांना सगळी गल्ली चाळीसमामा म्हणायची. दाराजवळच्या खुंटीला एक चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा. दाढीला हात लावण्याआधी बाबा त्याच्यावर वस्तरा घासायचे आणि घासताना तोंडाने मोजायचे. एक, दोन, तीन करत बरोबर चाळीस. मधे कुणी हाक मारली तर पुन्हा एकपासून. "मामा, जरा घाई आहे," असं कुणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "घाई असेल तर दाढी वाढव बाबा, चांगली दिसेल."

दुकान दोन खुर्च्यांचं. डावीकडची माझी, उजवीकडची त्यांची. समोर लांब आरसा, आरशाखाली फळी आणि मागच्या कोपऱ्यात नळ. वाटणीही सरळ होती: कात्री माझी, वस्तरा त्यांचा. केस कापायला त्यांनी मला सतराव्या वर्षी शिकवलं, पण दाढीच्या ब्रशला हात लावू दिला नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "तुझं डोकं तापतं. तापल्या डोक्याच्या माणसाने दुसऱ्याच्या गळ्याशी जाऊ नये."

माझं डोकं तापतं हे खोटं नाही. आई मी लहान असतानाच गेली, आणि बाप हा असा चाळीस मोजणारा. घरात कुणीतरी आवाज चढवायला नको का? तो मी चढवायचे. पण वस्तऱ्याचं मला वाईट वाटायचं. चाळिशी आली तरी वाटायचं. एकदा तरी त्यांनी म्हणावं, ये, कर बघू, एवढंच मला हवं होतं.

बाबांची खरी कमाल वस्तऱ्यात नव्हतीच. ती फेसात होती. ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवायचे, मग उचलून हळू पिळायचे. स्टीलच्या वाटीत बदामाएवढं क्रीम. त्यावर ब्रश गोल गोल फिरवायचा, पण दाबायचा नाही. मग बोटांच्या टोकांनी पाण्याचे दोन थेंब, पुन्हा फिरवणं, पुन्हा दोन थेंब. आधी भांडी घासताना येतात तसे मोठे बुडबुडे येतात. ते मरू द्यायचे. मग फेस दाट होतो आणि ब्रश उचलला की त्याचा सुळका उभा राहतो. नवशिक्या इथेच थांबतो, कारण फेस दिसायला देखणा झालेला असतो. बाबा थांबायचे नाहीत. चिमटीत थोडा फेस घेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे. चिकटलं तर फेस अजून तहानलेला आहे, दोन थेंब आणखी. बोट घसरलं पण फेस ओघळला नाही, की झाला. "दिसतं तसं नसतं," म्हणायचे. "फेसाला डोळे फसतात, बोटं फसत नाहीत."

मग बोटंच फसली.

साखर त्यांना बरीच वर्षं होती. पथ्य त्यांनी कधी पाळलं नाही. आधी पायाची बोटं बधिर झाली, ते त्यांनी हसण्यावारी नेलं. मग हाताची. कढत कप त्यांनी हातात धरलेला मी एकदा पाहिला. तळहात लाल झाला होता आणि ते निवांत बोलत होते. वस्तरा त्यांच्या हातात अजून नीट चालायचा. तो मनगटाचा खेळ, आणि मनगट शाबूत होतं. फेस मात्र रोज कोरडा होऊ लागला. सुळका उभा राहायचा, बाबा चिमटीत घ्यायचे, बोटांना काहीच कळायचं नाही आणि ते म्हणायचे, "झाला." वस्तरा गालावर अडखळायचा. एकमेकांची बिनपाण्याने करणारे लोक पुष्कळ असतात, पण आमच्याकडे पैसे देऊन ती होत होती. गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. कुणी पुढच्या चौकातल्या चकचकीत दुकानात गेलं, कुणी घरीच दाढी करायला लागलं. बाबांना वाटायचं, लोकांची आवड बिघडली.

टपालकाका मात्र यायचे. ते पोस्टमन होते, आता निवृत्त. तीस वर्षं दर बुधवारी आणि रविवारी त्यांची दाढी बाबांनीच केली होती. काका खुर्चीतून उठताना बाबांनी विचारायचं, "कसा झालाय फेस?" आणि काकांनी म्हणायचं, "झकास." हे दोघांचं ठरलेलं. एका रविवारी काका दुकानातून बाहेर पडल्यावर मी झाडू घेऊन दारात आले, तर ते भिंतीशी उभे राहून खिशातला तुरटीचा खडा हनुवटीला लावत होते. मला पाहून दचकले.

"काका, कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तू त्याला काही बोलू नकोस पोरी. त्याचं दुसरं आहे काय?"

मी बोलले नाही. त्या बुधवारी बाबांनी फेसाची वाटी फळीवर ठेवली आणि ते पट्ट्याकडे गेले. पाठ आमच्याकडे. एक, दोन, तीन. मी मागचा नळ सोडला, म्हणजे ब्रशचा आवाज ऐकू जाऊ नये, आणि वाटी उचलली. आयुष्यभर बघतच आले होते. दोन थेंब, गोल फिरव, पुन्हा दोन थेंब, चिमटीत घे. छत्तीसला वाटी फळीवर होती. बाबांनी वस्तरा गालावर टेकवला आणि तो लोण्यातून गेल्यासारखा गेला. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"कसा झालाय फेस?"

"झकास," काका म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.

दोन वर्षं हे चाललं. चाळीस मोजेपर्यंत एक अख्खी वाटी दुरुस्त करायची म्हणजे चेष्टा नाही. पण माझा हात बसला. गिऱ्हाइकं परत आली, नवीही आली. आणि बाबा खुलले! संध्याकाळी शटर ओढताना माझ्यासमोर दोन्ही हात धरायचे. "बघ. डॉक्टर म्हणतो बोटं गेली. कुठे गेली?" मी म्हणायचे, "कुठेच नाही." मला आनंद व्हायचा आणि आतून कुणीतरी ओरबाडायचंही. जे कौतुक मला जन्मभर हवं होतं, ते रोज माझ्यासमोर होत होतं. ते माझंच होतं आणि मला घेता येत नव्हतं.

मग तो रविवार आला. नवीन गिऱ्हाईक, कुठल्याशा बँकेत कामाला असलेला माणूस, दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवत बसला होता. म्हणाला, "मामा, असा फेस कसा करायचा, मला शिकवा ना." बाबांना काय, उसाला कोल्हा लागावा तसा त्यांच्या बोलण्याला ऐकणारा लागला. अर्धा तास सांगत होते. टपालकाका कोपऱ्यात पेपर वाचत नंबर लागायची वाट बघत होते. मी दुसऱ्या खुर्चीशी केस झाडत होते. त्या माणसाने सहज विचारलं, "ताईही करतात का दाढी?"

बाबा मोठ्याने हसले. "ती? सात जन्म घेतले तरी तिच्या हातात फेस धरायचा नाही. त्याला शांत माणूस लागतं."

यात नवीन काहीच नव्हतं. असं ते शंभर वेळा बोलले असतील. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जिभेला हाड नसतं. मी म्हणाले, "दोन वर्षं तुमचा फेस मीच करतेय बाबा. तुम्ही चाळीस मोजता ना, तेव्हा. तुमच्या बोटांना काही कळत नाही. आत्ता याच्या गालाला लावलात ना, तोही माझाच होता."

दुकानात नुसता नळ वाजत होता. मीच सोडलेला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टपालकाकांकडे वळले. "खरं?"

काकांनी पेपर खाली घेतला नाही. त्यांनी पान उलटलं, आणि तेवढं बाबांना पुरलं. बाबा म्हणाले, "आणि तू दरवेळी झकास म्हणायचास." बाबांनी ब्रश धुतला, झटकला, उलटा करून टांगला आणि घरी गेले. काकांची दाढी त्या दिवशी राहिली.

मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. त्यांनी मला वस्तरा का दिला नाही, हे मीच भर दुकानात सिद्ध करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तर शटर अर्धं उघडं. बाबा त्यांच्या खुर्चीत बसले होते, पण गिऱ्हाईक बसतं तसे. गळ्याभोवती टॉवेल त्यांनी स्वतःच लावला होता.

"कर," म्हणाले.

"बाबा, मी काल..."

"बोलू नकोस. कर. घाई करू नकोस."

आणि त्यांनी डोळे मिटले. बोटं गेली होती, पण गाल शाबूत होते. गालांना सगळं कळणार होतं. दोन वर्षांत मी हजारभर वाट्या सुधारल्या असतील, पण पहिल्या बदामापासून एकही फेस केला नव्हता. ब्रश नीट पिळायचाच विसरले. दोन थेंबांच्या जागी ओंजळभर पाणी पडलं. बुडबुडे मरेनात. क्रीम आणखी घालावं तर ट्यूबचं झाकण निसटून खुर्चीखाली गेलं. ते शोधायला वाकले असते तर मी तिथेच रडत बसले असते. मी तसाच फेस त्यांच्या गालाला लावला. तो टिकेना. गळ्यावरून ओघळून सदऱ्यात चालला होता. असा फेस मी कुणाच्या बुटालाही लावला नसता.

मी चाळीस मोजले. मनात. वस्तरा हातात घेतला आणि त्यांची दाढी केली. हनुवटीखाली एकदा कापलं. ते हलले नाहीत. झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, चाचपडत फळीवरची तुरटी उचलली आणि स्वतःच ती जागा दाबून धरली.

मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

"चांगला झाला होता फेस. माझ्याहून चांगला."

सदऱ्याची कॉलर ओली होती. मी तिच्याकडे बघत होते, आणि मी तिच्याकडे बघतेय हे त्यांना दिसत होतं.

"वस्तरा आजपासून तुझा," असं म्हणून ते उठले आणि गेले. त्यानंतर त्यांनी दुकानात पाऊल ठेवलं नाही.

आणि दाढीही करून घेतली नाही. चाळीसमामांची दाढी वाढली. गल्लीतले लोक आधी हसले, म्हणाले मामांना घाई झालेली दिसते. मग त्यांनी हसणं सोडलं. मी रोज म्हणायचे, बाबा, बसा, एकदाच करते. मी मस्त फेस करायला लागले होते, अगदी पहिल्या बदामापासून. वाटी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायचे. ते सुळक्याकडे नुसते बघायचे आणि म्हणायचे, "तुझा हात मी बघितलाय की." जेवण चांगलं झालंय म्हटलं, तब्येत सुधारलीय म्हटलं, की हसायचे. ते हसणं मला सहन व्हायचं नाही. त्यांना कुणाचंच काही खरं वाटत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. आठ महिने असेच गेले.

थंडीत छाती भरली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मास्क नीट बसत नाही, दाढी काढावी लागेल. मी म्हणाले, थांबा, मी करते, मी सामान घेऊन येते. धावत दुकानात गेले, ब्रश, वाटी, क्रीम, वस्तरा पिशवीत भरला, धावत परत आले. तोवर वॉर्डबॉयने उरकलं होतं. वापरून फेकायच्या वस्तऱ्याने, कोरडंच. गाल लाल झाले होते, दोन ठिकाणी रक्त होतं आणि वर मास्क करकचून बांधलेला होता. त्याला घाई होती, त्याचीही काही चूक नव्हती. बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी ती पलंगाखाली सरकवली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता दोन्ही खुर्च्या माझ्या. टपालकाका अजून बुधवारी आणि रविवारी येतात. हल्ली काठी घेऊन येतात. मी फेस करते, वाटी फळीवर ठेवते, पट्ट्यापाशी जाऊन मोठ्याने चाळीस मोजते. वळते तेव्हा वाटी ठेवली होती तशीच असते. दाढी करते, टॉवेल काढते आणि दरवेळी विचारते, "काका, खरं सांगा. कसा झालाय फेस?"

काका आरशातून माझ्याकडे बघतात. "झकास," म्हणतात.

बाबांनाही ते हेच सांगायचे.