होडीच्या रंगाचा कॅमेरा

ज्या हाताने जन्मभर देवाला फूल वाहिले, तो हातच देवाने काढून घेतला तर भक्ताने काय करावे? पन्नाशी उलटल्यावर मला हे विचारण्याची वेळ आली. मात्र तो प्रश्न माझ्या मनात जिज्ञासा म्हणून आला नाही, रुसवा म्हणून आला, हे आधीच सांगितलेले बरे. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. शाळेत फळ्यावर लिहीत असताना खडू हातातून गळून पडला. उचलण्यासाठी वाकलो, तर बोटांनी ऐकले नाही. पुढचे कित्येक दिवस अंथरुणावर गेले. बोलणे परत आले, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात ओल्या टॉवेलासारखा खांद्यापासून लोंबत राहिला. त्याला चिमटा काढला तरी मला कळत नसे. डॉक्टर म्हणाले, आला तर हळूहळू येईल. न आल्यास तसेच चालवून घ्यावे लागेल.

देवपूजेला डावा हात चालत नाही, अशा वळणात मी वाढलो. म्हणून मी पूजा सोडली. निदान लोकांना मी हेच कारण सांगत असे. आतले कारण निराळे होते. देवघरासमोर उभा राहिलो की मन म्हणे, 'आधी हात दे, मग येईन.' ज्याच्यापुढे तीस वर्षे डोके टेकवले, त्यालाच मी अट घालून बसलो होतो. पत्नी निमूटपणे पूजा करू लागली. घंटा वाजली की मी उठून मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली जाऊन बसे. तिने मला कधी बोल लावला नाही. आणि तेच मला अधिक लागे.

शेजारच्या बागेचे मालक सोराबजी हे माझे जुने स्नेही. कुंपणापलीकडून ते मला रोज पाहत. एके दिवशी हातात काहीतरी गुंडाळलेले घेऊन आले आणि त्यांच्या त्या खास मराठीत म्हणाले, "मास्तर, कावळा मोजून पगार मिळते काय तुला? आ ले. माझा काकाचा कॅमेरा हाय. मरेला हाय. तू पण बसेला, हा पण बसेला. दोघे मिळून काय तरी करा!"

तो घडीचा कॅमेरा होता. झाकण उघडले की पेटीच्या भात्यासारखा चामड्याचा भाता पुढे सरकायचा आणि त्याच्या टोकाला भिंग असायचे. वरचे कातडे पोपडे धरून सुटले होते, पितळेवर हिरवट डाग चढले होते, आणि समुद्राच्या हवेने स्क्रू जागच्या जागी गंजून बसले होते. त्यात माझा काही उपयोग होईल असे वाटले नाही. पण घरात बसून करायला दुसरे काहीच नव्हते, आणि निकामी वस्तूविषयी त्या दिवसांत मला एक विशेष आपुलकी वाटू लागली होती.

गुडघ्यांमध्ये कॅमेरा धरायचा आणि डाव्या हाताने काम करायचे, अशी रीत मी बसवली. सुरुवातीला स्क्रू हातून निसटून जमिनीवर घरंगळत आणि मी संतापत असे. मग पत्नीने पितळी परात आणून मांडीखाली ठेवली. रॉकेलने गंज सुटला. सुटलेले कातडे सुरीने खरवडून काढले. भात्याची भोके शोधण्यासाठी खोलीची दारे-खिडक्या लावून आत बॅटरी धरली, तर त्या काळ्या भात्यात बारीक तारे चमकले. जुन्या छत्रीचे कापड डिंकाने चिकटवून मी ते एकेक विझवले. या कामाने माझा दिवस भरू लागला. सोराबजी येऊन बघत, माझी चेष्टा करत आणि जाताना चिकू ठेवून जात.

पितळ उघडे पडले होते, त्याला रंग हवा होता. डहाणूच्या खाडीवर तेव्हा होड्या ओढून ठेवलेल्या होत्या आणि हंगामापूर्वीची रंगरंगोटी चालली होती. तिथल्या एका तांडेलाची, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याची, मुले माझ्या हाताखाली शिकली होती. त्याच्याकडे मी उरलेला रंग मागितला. कॅमेरा हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला आणि डबा पुढे करत म्हणाला, "रंग घ्या की गुरुजी, पण याला शीड कुठं बांधणार?" भोवतालचे सगळे हसले. मीही हसलो. आजारपणानंतर मी प्रथमच हसत होतो, हे घरी परतताना माझ्या लक्षात आले. निघताना तो गंभीर होऊन म्हणाला, "आमची नवी होडी दर्यात गेली का पयलं म्हावरं देवाचं. तुमच्या याचा पयला फोटू कुणाचा?" मी डबा उचलून घराची वाट धरली.

रंग होता गडद हिरवा, होडीच्या कडेला देतात तो. दाट आणि हट्टी. डाव्या हाताला कुंचल्याची सवय नव्हती. एका कोपऱ्यावर ओघळ आला, तो पुसायला गेलो तर अधिकच पसरला. शेवटी तो तसाच ठेवला. कॅमेरा वाळायला उन्हात ठेवला तेव्हा तो एखाद्या छोट्या गलबतासारखा दिसत होता. पत्नी पाहतच राहिली. तांडेलाचा प्रश्न मी तिला गमतीने सांगितला होता. तिने तो गमतीने घेतला नव्हता. "पहिला फोटो आपल्या महालक्ष्मीच्या देवळामागच्या गडाचा काढायचा," ती म्हणाली. "तुम्ही दर्शनाला आत आला नाहीत तरी चालेल. बाहेरून काढा. दर्शनाचं मी बघते."

इथे माझ्याकडून एक चूक झाली होती. आम्ही समुद्रकाठची माणसे. कडी, बिजागरी, कुलूप, सायकल, जे लोखंडी किंवा पितळी हाती लागेल त्याला खारी हवा लागू नये म्हणून तेलाचे बोट लावण्याची आम्हाला सवयच असते. कॅमेऱ्याच्या भिंगामागे पातळ पात्यांची एक झडप असते. कळ ओढून खटका दाबला की ती क्षणभर उघडते आणि मिटते. मी मोठ्या प्रेमाने त्या पात्यांत खोबरेल तेल सोडले होते. पावसाळ्यानंतरच्या उन्हात ती झडप अशी सुरेख चालत होती, की मला स्वतःचे कौतुक वाटले.

सोराबजींनी मुंबईहून फिल्म मागवून दिली तोपर्यंत थंडी पडली होती. मार्गशीर्षात पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो. वाटेतल्या कैनाड गावची कापून मोकळी झालेली भातखाचरे धुक्यात बुडालेली होती आणि ताडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. महालक्ष्मीला उतरलो तेव्हा अंगात हुडहुडी भरली होती. पत्नी ओटी घेऊन देवळात गेली. मी बाहेर राहिलो. धुके ओसरून गडाचा उभा सुळका दिसू लागला, तसा मी एका दगडावर कॅमेरा टेकवला, झडपेची कळ ओढून ठेवली आणि खटका दाबला. काहीच झाले नाही. पुन्हा दाबला. पाती जागची हलली नाहीत.

ती वेळ मी कधी विसरणार नाही. गोष्ट क्षुल्लक होती. एक जुने यंत्र अडले होते, एवढेच. पण मला वाटले, की मला देवीच्या दारातून परत पाठवले जात आहे. मी सोडलेली पूजा आणि घातलेली अट, सगळे तिला ठाऊक आहे आणि तिने तोंड फिरवले आहे. डोळ्यांत पाणी आले, आणि ते पुसायला नेहमीचा हात वर येईना, म्हणून अधिकच आले.

पलीकडे झाडाखाली पेंढ्याची शेकोटी करून एक म्हातारी बसली होती. तलासरीकडच्या पाड्यावरून नवस फेडायला ती चालत आली होती. शेजारी टोपलीत पाय बांधलेला कोंबडा होता. तिने मला हाक मारली. "ओ बाबा! थंडीत काय रडं? इकडं ये, शेक." मी गेलो, कारण नाही म्हणायचे बळ उरले नव्हते. माझ्या मांडीवरचा हिरवा डबा पाहून ती म्हणाली, "ह्यो काय रं? पोपट का काय?" मग तिची नजर माझ्या लोंबणाऱ्या हाताकडे गेली. जवळ सरकून तिने तो हात उचलला, त्यात कॅमेरा बसवला, वरून आपले दोन्ही हात धरले आणि सगळे मिळून जाळाच्या समोर नेले. थंडीने गारठलेल्या लेकराचे हात धरावेत तसे.

आम्ही किती वेळ तसे बसलो, सांगता येत नाही. ती कोंबड्याशी बोलत होती, मध्येच माझ्याशी. मी मनात काही मागत नव्हतो. मागण्याचे त्राणच नव्हते, आणि माझ्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच अशी वेळ होती. तेवढ्यात त्या पितळेतून 'टिक' असा बारीक आवाज आला. अडलेली झडप आपोआप उघडून मिटली होती. आणि त्याच घटकेला, किंवा लगेच नंतर, माझ्या उजव्या तळहाताला चटका बसला.

मी हात मागे घेतला. म्हणजे हात मागे आला. वीतभर, वेडावाकडा, पण माझ्या इच्छेने. म्हातारी खदखदून हसली. "हालला! मेला नाय रं तुझा हात, निजला हुता."

मी कॅमेरा तिथेच तिच्याजवळ ठेवून देवळात गेलो. पत्नी गाभाऱ्यापुढे उभी होती. मला पाहून ती बाजूला झाली. पुजाऱ्याने तीर्थाची पळी पुढे केली. डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरून मी पुढे केला. तळहाताची वाटी वळली नाही, तीर्थ फरशीवर सांडले. शेकोटीपाशी आलेली जाणीवही तेवढ्यात मावळली होती; पाण्याचा गारवा मला कळला नाही. पुजाऱ्याने दुसरी पळी भरली आणि पुन्हा तळहातावर घातली. तीही निम्मी सांडली. उरलेले मी प्यालो. बाहेर आलो तेव्हा म्हातारी कोंबडा काखोटीला मारून देवळाकडे निघाली होती. कॅमेरा तिने माझ्या हाती दिला आणि माझा नमस्कार हसण्यावारी नेला.

घरी आल्यावर सोराबजींनी भिंग काढून झडप पाहिली आणि कपाळावर हात मारला. "कोपरेल? अरे मास्तर, झडपमां कोपरेल? थंडीत गोठते नी!" आमच्या घरातली खोबरेलाची बाटली त्या दिवसांत पत्नी रोज सकाळी उन्हात ठेवी, आणि तरीही मला हे सुचले नव्हते. पेट्रोलने त्यांनी पाती धुऊन दिली. डॉक्टरांनी हाताचा वृत्तांत ऐकला आणि म्हणाले, शिरा जाग्या होताना असे होते. दोघांचेही म्हणणे खरे असेल. मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. तेल उबेने वितळते आणि शिरा आपल्या वेळेने जाग्या होतात. पण ती ऊब कोणाच्या हातांनी यावी आणि ती वेळ कोणती असावी, हे मी ठरवले नव्हते. फिल्म धुतल्यावर शेकोटीपाशी आपोआप टिपल्या गेलेल्या त्या पहिल्या तसबिरीत नुसता पांढरा झोत निघाला. पत्नीने ती देवघरात लावली आहे.

हात थोडाफार सुधारला, पूर्ण नाही. फळ्यावर लिहिता येत नाही, म्हणून शाळेत मी आता तोंडी शिकवतो. मात्र पूजा त्या थंडीपासून पुन्हा मीच करतो. माझी अट कधी सुटली, मला नेमके ठाऊक नाही. एके दिवशी शोधली तर ती जागेवर नव्हती. जास्वंदीचे फूल उजव्या हाताच्या बोटांत ठेवतो आणि डाव्या हाताने तो हात उचलून पुढे नेतो. बोटे आपल्या मर्जीने उघडतात. फूल कधी मूर्तीच्या पायाशी पडते, कधी समईजवळ, कधी माझ्याच गुडघ्यावर. पूर्वी एक पाकळी इकडची तिकडे झाली तरी मी ती नीट लावत असे. आता जिथे पडते तिथे राहू देतो आणि हात जोडतो.