माळेआडचा नंबर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही — देवाला तर माहीतच असणार, त्याला काय सांगायचं? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जीभ उचलतेय. पण थांबा, आधी कॅमेऱ्याचं सांगतो.

मी मुरबाड-टोकावडे रस्त्यावर इको चालवतो, शेअरची. एकदा एक बाइकवाला आरसा उडवून पळाला, तेव्हा चिडून पुढच्या काचेला कॅमेरा बसवला. दुकानातून आला तसा लावला, तर काय दिसावं? आभाळ झकास, डोंगर झकास, आणि नंबराच्या जागी पांढरा डाग! असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं. मग मी हात धुऊन मागे लागलो. उजेड खाली आणला — चित्र काळवंडलं, पण पाटीवरचे आकडे उमटायला लागले. कॅमेरा झुकवून आभाळ कमी केलं. सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रं घ्यायला लावली, म्हणजे धावत्या गाडीचा फराटा होत नाही. डॅशबोर्डवरचा गणपती काचेत उमटून नेमका नंबरावर बसायचा — बाप्पाची माफी मागून त्यालाही सरकवलं आणि खाली काळं फडकं अंथरलं.

ही सगळी परीक्षा कुणाच्या गाडीवर? दाजींच्या. माझ्या ताईचा नवरा — पांढरी पिकअप, भाजीच्या फेऱ्या मारतात. "दाजी, समोरून या. हळू. आता जरा जोरात!" ते वैतागायचे, "अजून नंबर पाठ नाय झाला का रे तुझा?" झाला होता की. माझा झाला होता आणि कॅमेऱ्याचाही. स्टँडवरचे मला 'फोटोग्राफर' म्हणून चिडवायचे, मी फुगायचो.

मग तो दसरा. टोकावड्याच्या अलीकडच्या वळणावर ठमामावशी झेंडूच्या माळा विकायला बसते, शेजारच्या कातकरवाडीतली. आमच्याकडे दसऱ्याला माळेशिवाय गाडी हलत नाही, आणि मावशीची माळ चांगली भरगच्च, बंपरभर लोंबणारी. सकाळी भरलेली गाडी घेऊन मी त्या वळणावर आलो आणि समोरून एसटीला मागे टाकत एक पांढरी पिकअप थेट माझ्या अंगावर आली. काचेवर ऊन, आत कोण ते दिसेना. मी ब्रेक दाबला. ती कडेला घसरली — टोपली, फुलं, मावशी — आणि न थांबता निघून गेली.

मावशीला उचलून मीच मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. पायाचा पार चुरा झाला होता. तिचा नवरा आला, त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, "रडू नको, माझ्या कॅमेऱ्यात नंबर आलाच असंल." हे मीच म्हटलं, बरं का!

बाहेर गाडीत बसून मोबाइलवर एकेक चित्र सरकवत गेलो. पाटीवर माळ. माळ. पुन्हा माळ. आणि मग चाक खड्ड्यात आदळलं, माळ उसळून वर गेली — आणि खाली नंबर! काय सांगू तुम्हाला? अंगावर काटा आला. एकेक आकडा कोरल्यासारखा, पाटीच्या स्क्रूचं डोकंसुद्धा दिसत होतं, एक सुटी पाकळी हवेत थांबलेली. डोळ्याला कधीच दिसलं नसतं ते माझ्या हातानं बसवलेल्या त्या डबीनं धरून ठेवलं होतं. खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. त्या चित्राला हात जोडावेसे वाटले. नंबर मी त्यानंतर वाचला.

ताईचं दार डोळ्यांपुढं आलं. पण ताईसाठी केलं असं म्हणू का? तेव्हा मला फक्त भीती वाटत होती.

हवालदार आले. मी व्हिडिओ दाखवला — आणि त्या एका चित्राच्या अलीकडं थांबवला. "बघा ना साहेब, माळेनं सगळा नंबर झाकलाय." मावशीचा नवरा शेजारीच उभा होता. हवालदार म्हणाले, "सणाचा दिवस, सगळ्याच गाड्या अशा." त्याच दिवशी मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. संध्याकाळी दाजी सोनं द्यायला घरी आले. माझी गाडी त्यांनी ओळखली नसेल? आम्ही आपट्याची पानं दिली-घेतली, गळाभेट घेतली, बस्स.

गाडीच सापडली नाही, मग भरपाई कोण देणार? मावशीचा पाय वाकडाच जुळला. ती आता भाताच्या लावणीला जाऊ शकत नाही, वीटभट्टीवर नवरा एकटाच जातो. कॅमेरा अजून काचेवर आहे. नंबर अजून स्वच्छ येतात.

आणि मावशी पुन्हा त्याच वळणावर बसते, काठी शेजारी ठेवून. गेल्या दसऱ्याला मी माळ घेतली, तर ती लंगडत गाडीपुढं आली, स्वतःच्या हातानं माळ बांधली — वर, आरशापाशी, आखूड.

"खाली नको रे दादा," म्हणाली. "नंबर झाकतो. त्या टायमाला माझ्याच फुलांनी घात केला ना. आता मी कुणालाच खाली बांधू देत नाय."

मी "बरं मावशी" म्हटलं आणि गाडी काढली.