मामांचे बस्ते

जगात कागदावर माझ्या बायकोच्या मामांइतकी माया दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. वाळवीनंही नाही. वाळवी निदान खाऊन मोकळी होते. घाटनांदूरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात अकरा लोखंडी पेट्या होत्या, आणि पेट्यांमधून उरलेल्या जागेत मामा, मामी आणि आला-गेला राहायचा. एसटीची तिकिटं, कोर्टाची समन्सं, औषधाच्या पुडीचा कागद, काही म्हणजे काही त्यांच्या हातून सुटलं नाही. पाठकोरा कागद फेकणाऱ्याकडे ते ताटात अन्न टाकणाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. आमच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी कुणाच्या तरी बांधाच्या भांडणाचा अर्ज खरडला होता, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. लग्नाचं बरं चाललं होतं, बांधाचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "तारीख पडलीय."

मामा वकील होते, थोडे दिवस सैनिक होते आणि पुढे बराच काळ पुढारी होते. तिन्हीत त्यांनी फार दिवे लावले असं कुणी म्हणणार नाही, पण तिन्हींचे कागद चोख होते. हैदराबादेत वकिली शिकले आणि सनद हातात पडते न पडते तोच निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीवरच्या कॅम्पात दाखल झाले. त्यांच्या बरोबरीची मंडळी जन्मभर गोळीबाराच्या गोष्टी सांगत हिंडली. मामांना कुणी विचारलं की ते उठायचे, तिसरी पेटी उघडायचे आणि बंदूक जमा केल्याची पावती दाखवायचे. "घेतली तशी दिली. नळी साफ करून दिली." झाली लढाई. कॅम्पातून मामींना धाडलेल्या पत्राचीसुद्धा त्यांनी नक्कल ठेवली होती. मामी म्हणायच्या, "मला आलेलं मी चुलीत घातलं, कुणी बघंल म्हून. नक्कल हाय की ह्यांच्याकडं. आठवण आली की मागून घेते."

सहकाराचं वारं आलं तेव्हा मामांनी साखर कारखाना काढला. म्हणजे कारखान्याचं लेटरपॅड छापलं, शिक्का केला, पाटी रंगवली आणि माळावर नारळ फोडला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. ऊस सोडाच, बांधावरचं गवतही उरलं नाही, आणि कारखाना लेटरपॅडवरच राहिला. पुढे आमच्याकडे परळीला आले की थर्मल वीजकेंद्राच्या चिमणीकडे बघत मामा म्हणायचे, "आपली हिच्याहून बारीक ठरली होती." त्या आवाजात चेष्टा किती आणि दुखणं किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

पण मामांचा खरा नाद बस्त्यांचा. निजामाच्या कचेऱ्यांत कागद कापडात बांधून ठेवत, त्याला बस्ता म्हणत. मामांनी ती रीत सोडली नाही, वर स्वतःचा एक कायदा जोडला. गरीब गावचा माणूस आला की म्हणायचे, "फी राहू दे बे. बस्त्याला कापड आण, तुझ्या घरचं." त्यामुळे एकेका गावाचा एकेक बस्ता आणि ज्याचं त्याचं कापड. कुठे धोतराचा सोगा, कुठे घोंगडीचा तुकडा, कुठे पोलीस पाटलाचा अर्धा फेटा. चौसाळ्याच्या एका बँडवाल्यानं तर जुन्या कोटाची जरीकाठी बाहीच आणून दिली होती. बाहेर ना तारीख ना नाव. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस, मला ते बघवायचं नाही. एकदा म्हटलं, "मामा, तारखेनं लावलं तर सापडायला सोपं जाईल." ते म्हणाले, "जावईबापू, तारीख कोर्ट देतं. माणूस गावाहून येतो."

नव्वदीकडे झुकले तशी त्यांची नजर गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण पेटीत हात घालून कापड चाचपलं की गाव हाती यायचं, आणि त्यात कागद कितवा हे बोटांना ठाऊक असायचं. चष्मा लावून बसलेल्या मला मामा दोन मिनिटांत हरवायचे.

मग मी शहाणपणा केला. विद्यापीठानं मामांचे कागद मागितले होते आणि "मी असेपर्यंत इथंच राहतील, मग न्या," असं मामांनी कबूल केलं होतं. त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता, गावोगाव टँकर होते, आणि सगळी माणसं सगळ्या गोष्टींना कंटाळलेली होती. उन्हाळ्यात मामा मोरीत घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. महिनाभर ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात, माझी बायको त्यांच्याजवळ, आणि नुकताच निवृत्त झालेला मी इकडे पेट्यांपाशी. वीज नाही, पंखा नाही, घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. मी सगळे बस्ते सोडले. कागद तारीखवार लावले, तारीख नव्हती ते विषयवार, आणि परळीहून आणलेल्या फायलींत घातले. मोकळ्या झालेल्या कापडांची मामींनी वाकळ शिवली. मामा घरी आले तेव्हा मी शाबासकीची वाट बघत उभाच होतो. त्यांना पेटीपाशी बसवलं. त्यांनी आत हात घातला. सगळ्या फायली गुळगुळीत, एकीसारखी दुसरी. थोडा वेळ हात आतच राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "चांगलं केलंत. लई कष्ट पडले असतील."

आठच दिवसांनी खडकाळवाडीची कौसाबाई आली. ती वाडी दरसाल ऊसतोडीला जाणारी. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, टोळ्या घरी परतल्या, तर गावच्या विहिरीला कुलूप. विहीर ज्याच्या रानात होती त्या जमीनदाराचा नातू आता तिच्यावर टँकर भरून देत होता.

"वकीलसाब, त्याच्या आज्यानं ईर गावाला दिलती," कौसाबाई म्हणाली. "तुमीच लिवून घेतलतं, माझी सासू सांगायची. त्यो म्हंतो, कागूद दावा. लेकरं दोन कोसावरून पानी आनायलीत."

"हाय कागद," मामा म्हणाले. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड फिरवलं. "जावईबापू, खडकाळवाडी काढा."

"कोणती तारीख, मामा?" मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही.

"दुष्काळात," मामा म्हणाले.

तीन दिवस मी बहात्तर आणि त्र्याहत्तर उपसत होतो. कौसाबाई रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि उंबऱ्यापाशी बसायची. "सापडंल," ती मलाच धीर द्यायची, "वकीलसाबाकडं आलेला कागूद कुटं जातोय?" त्यानं मला आणखी लाज वाटायची. तिच्या वाडीचं पाणी मी माझ्या हातानं हरवलं होतं, तेही नीटनेटकेपणाच्या हौसेपायी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी ती वाकळ मागितली. भर मे महिन्यात मांडीवर पसरून घेतली आणि बोटं फिरवू लागले. "हा बँडवाला... ही घोंगडी..." एका जाड्याभरड्या हिरव्या तुकड्यावर त्यांचा हात थांबला. "कौसाबाई, हे तुझ्या सासूचं लुगडं. खडी फोडायच्या कामावरून आलती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हणलं, बाई, तुझं कापड नको. ऐकली न्हाई. तिथंच पदर फाडला." मामांनी तो तुकडा चिमटीत धरला. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी कोरा कागद नव्हता घरात. कारखान्याचं बिघडलेलं पत्र होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं."

मी कारखान्याची फाइल काढली. बॉयलरची चौकशी करणारं, खाडाखोड झालेलं पत्र. मी ते वाचून विषयवार लावलं होतं आणि पाठ बघितलीच नव्हती. पाठीवर मामांचं अक्षर, पाच पंचांचे अंगठे आणि खाली जमीनदाराची मोडी सही. मामांच्या कारखान्यातून शेवटी एवढंच निघालं, आणि ते साखरेहून गोड होतं.

"कोर्टात टिकणार न्हाई हे," मामा म्हणाले. "पण नातू आज्याची सही ओळखतो. त्याच्या डोळ्यापुढं टिकंल." एवढ्या घाईतही त्यांनी कागद नेल्याच्या पावतीवर कौसाबाईचा अंगठा घेतला. पारावर नातवानं तो कागद दोनदा वाचून घेतला, किल्ली पारावर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कौसाबाई कागद परत घेऊन आली. सोबत विहिरीच्या पाण्याचा तांब्या होता. मामांनी तो अर्धा प्यायला आणि अर्धा माझ्यापुढे केला.

मामा मला कधीच रागावले नाहीत. मलाच त्यांची माफी मागायची होती, ती आज-उद्या करत राहून गेली. दिवाळीच्या आधी ते गेले. विद्यापीठाचा माणूस गाडी घेऊन आला, फायली चाळल्या आणि म्हणाला, "काय सुरेख लावलंय, सर." मी मान खाली घातली. वाकळीकडे त्यानं पाहिलंही नाही. मामींनी ती आम्हाला दिली.

आता ती आमच्याकडे परळीला आहे. खिडकीतून थर्मलची राख येते म्हणून बायको दर आठवड्याला ती झटकते. घरात कुणी नसलं की मी ती मांडीवर घेतो, डोळे मिटतो आणि हात फिरवतो. खडकाळवाडी लागते. बाकीची गावं मला ओळखू येत नाहीत.