साठवर राहिलेला मॉनिटर

माझ्या थोरल्या भावाच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. एवढासा राग असता तर काय हवं होतं. दादा एका कॉम्प्युटरच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून गेमिंगची मशिनं जोडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फाडून खातो. मालक त्याला पुढे काउंटरवर येऊ देत नाही, पण त्याचा आवाज कोण अडवणार? तो येतोच.

त्याच्या रागाचं मूळ एकच आकडा आहे, साठ. स्क्रीनवरचं चित्र एका सेकंदात किती वेळा बदलतं, त्याचा हा आकडा. साधा मॉनिटर साठ वेळा बदलतो. गेम खेळणारे एकशे चव्वेचाळीसवाला घेतात, कारण त्यावर सगळं सलग, लोण्यासारखं सरकतं आणि समोरचा माणूस कोपऱ्यातून बाहेर पडताना क्षणभर आधी दिसतो. पण नवा मॉनिटर जोडला की तो बहुतेक वेळा मुकाट्याने साठवरच सुरू होतो. सेटिंगमध्ये जाऊन तो वर न्यावा लागतो, आणि हे कोणी करत नाही. वर्ष वर्ष साठवर खेळतात आणि दादाकडे येऊन म्हणतात, काही फरक वाटत नाही हो.

"पाच नंबरचा पंखा आणायचा, एकवर लावायचा, आणि उकडतंय म्हणून माझ्या नावाने बोंबलायचं," दादा म्हणायचा. "तुम्हाला मॉनिटर कशाला, खिडकी पुरे. फुकट असते."

म्हणून त्याने एक पद्धत पाडली. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मॉनिटरच्या काचेवर तो स्वतःच्या हाताने एक पिवळी चिठ्ठी चिकटवतो. त्यावर गोल करून साठ, आणि खाली 'मला विचारा'. गिऱ्हाइकाने फोन केला की दादा आधी त्याला झापतो, मग सेटिंग बदलायला लावतो. दुकानातली पोरं त्याला 'साठ' म्हणतात, अर्थात त्याच्या पाठीमागे.

माझ्या लेकीला गेमचं वेड त्यानेच लावलं. शहराच्या गेमिंगच्या संघात पाच जागा होत्या, निवडीचे सामने घरूनच खेळायचे होते, आणि मामाने भाचीसाठी एकशे चव्वेचाळीसचा मॉनिटर बाजूला काढून ठेवला होता. तो आणायला मी गेले. मी सहज विचारलं, वायर कुठे लावायची? चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "तुला सांगून काय उपयोग? नुसता घरी ने, हात लावू नकोस. मी येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नंबराच्या काचा घासते, आणि मला एक वायर खोचता येत नाही? "यायची काही गरज नाही," मी म्हणाले. घरी येऊन खोका फोडला. काचेवर त्याची चिठ्ठी. मला विचारा. इथेही हाच. रागाच्या भरात वरच्या साठाकडे माझं लक्षही गेलं नाही. मी ती टरकन ओढून काढली, वायर लावली, मॉनिटर सुरू झाला. लेक शाळेतून आली तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी होते. चिठ्ठीचा कागद मात्र चांगला जाड होता. त्याच्या मागे बल्ब, साबण, सुईदोरा अशी यादी लिहून मी ती फ्रीजवर लावून टाकली.

चार महिने दादा आमच्याकडे फिरकला नाही आणि मीही बोलावलं नाही. चार महिने लेक रोज तीन तास सराव करत होती. संघाचा कोच म्हणायचा, तुझी नजर चांगली आहे, पण हात उशिरा पडतो. मी तिचे डोळे आमच्या दुकानात तीनदा तपासून घेतले. ठणठणीत होते. मग मी तिलाच बोलायला लागले. लक्ष नसतं तुझं, झोप नीट घेत नाहीस. ती मान खाली घालून ऐकायची. शेवटच्या सामन्यानंतर यादी लागली आणि ती सहावी आली.

रविवारी सकाळी तिने स्वतः मामाला फोन केला. "मामा, तुझा मॉनिटर घेऊन जा. माझा हात मंद आहे. उगाच कशाला अडकवून ठेवू?"

तो अर्ध्या तासात आला. माझ्याकडे बघितलंही नाही. लेकीच्या खुर्चीत बसला, माउस एकदा डावीकडून उजवीकडे नेला, आणि त्याचा हात थांबला. पुन्हा नेला. मग त्याने सेटिंग उघडलं, साठाचं एकशे चव्वेचाळीस केलं आणि खुर्चीतून उठला.

"बस," तो म्हणाला. "फिरव."

लेकीने माउस फिरवला. सावकाश, मग जोरात, मग गोल गोल. स्क्रीनवरचा बाण तुटत नव्हता, मागे राहत नव्हता. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे चार महिने..." ती म्हणाली. "माझा हात ठीक होता?"

दादा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. मी त्याच्या मागोमाग. जगाला ज्या गोष्टीवरून त्याने झोडपलं तीच त्याच्या भाचीच्या खोलीत निघाली होती, आता मी त्याला सोडणार नव्हते. तोंड उघडणार तेवढ्यात तो फ्रीजसमोर थांबला. पिवळा कागद, वर माझ्या अक्षरात बल्ब, साबण, सुईदोरा. त्याने तो उलटा केला. गोलातलं साठ दोघांनीही पाहिलं.

आता तो घर डोक्यावर घेणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि बाहेर जाऊन लेकीला म्हणाला, "माझं चुकलं. सेटिंग करायला यायचं होतं, विसरलो."

लेक म्हणाली, "मामा, तू सगळ्यांना ओरडतोस आणि माझंच विसरलास?" त्यानंतर तीन आठवडे तिने त्याचा फोन घेतला नाही.

मला त्याचा भयंकर राग आला. गिऱ्हाइकं, मालक, शेजारीपाजारी, सगळ्यांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलं, आणि माझ्यावर ओरडायची खरी वेळ आली तेव्हा हा मूग गिळून बसला. ओरडला असता तर मीही ओरडले असते, हिशेब तिथेच मिटला असता. आता रोज सकाळी मला फ्रीजवरची रिकामी जागा दिसायची आणि फोन वाजला की नाव वाचून उलटा ठेवणारी लेक.

काल दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. तो कुणाला तरी पंख्याचं उदाहरण देऊन झापत होता. त्याच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक कोरी पिवळी चिठ्ठी मी उचलली. त्याने पाहिलं. "कशाला हवी?" म्हणाला.

"तुला विचारायचं नाहीये," मी म्हणाले.

घरी आले. लेक शाळेतून यायला वेळ होता. मी चिठ्ठीवर गोल करून साठ लिहिलं, खाली लिहिलं, 'इथली चिठ्ठी आईने काढून टाकली होती. मामा विसरला नव्हता.' आणि मॉनिटरच्या काचेवर बरोबर मधोमध चिकटवली.